बिनकाठीचा पाहुणा

समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानातले पहारेकरी म्हणजे सगळ्यांचे दोरीकाका. पक्षी वाळूत अंडी घालू लागले की काका त्या जागेभोवती दोरी बांधतात आणि ती ओलांडणाऱ्याच्या सात पिढ्यांची आपुलकीने विचारपूस करतात. एरवी स्वभावाने गरीब. पण एकदा डूख धरला, की नागानेही त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

गेल्या मोसमात दोरी ओलांडली ती खुद्द त्यांच्या मेहुण्याने. मित्रमंडळी घेऊन पठ्ठ्या पक्ष्यांच्या वस्तीत फोटो काढत बसला. आईबाप पक्षी वर किंचाळत राहिले आणि खाली भर उन्हात उघडी पडलेली अंडी भाजून निघाली. काका धापा टाकत पोचले, तर हा म्हणतो, "भावजी, घरच्या माणसाला कसले नियम?"

"जाऊ द्या हो, लहान आहे," काकू म्हणाल्या. लहान! चाळिशी उलटून टक्कल पडलं होतं त्याला. काकांनी दंड वसूल केला, सूड मात्र बाकी राहिला.

यंदा अंड्यांच्या मोजणीला मेहुणे आपण होऊन हजर. "मीही येतो, व्हिडिओ काढतो!"

"ये की," काका इतक्या मायेने म्हणाले, की काकूंना तिथेच संशय यायला हवा होता.

मोजणी सकाळच्या गारव्यात झटपट उरकायची असते. चिडलेले पक्षी माणसाच्या सर्वांत उंच भागावर झडप घालतात, म्हणून मोजणारे डोक्यावर काठी उभी धरतात. चोची काठीला बसतात, डोकं वाचतं. काकांनी सगळ्यांना काठ्या वाटल्या. मेहुण्याला नुसता दम दिला, "पळायचं नाही. अंडं फुटलं, तर जन्मभर आत पाऊल टाकू देणार नाही."

"आणि मला काठी?"

"घरच्या माणसाला कसली काठी?"

मेहुणा ताडमाड उंच. पक्ष्यांनी त्या टकलावर आधी पांढरा अभिषेक केला, मग चोची. काका काठी मिरवत ते डोळे भरून पाहत होते. एवढ्यात मेहुणा कळवळून मागे सरला. त्याच्या उचललेल्या बुटाखाली दोन अंडी! काका धावले. आपल्या सुडापायी हीसुद्धा जाणार? त्यांनी वाळूत लोळण घेतली आणि बूट अधांतरीच पकडला.

"भावजी, काठी द्या हो!"

"पाय आधी!" म्हणत त्यांनी तो बूट अलगद मोकळ्या वाळूवर टेकवला. अंडी वाचली. काठी दुसऱ्या हातात होती, ती तिथेच राहिली. मोजणी संपेपर्यंत.

घरी भावाचं डोकं पुसता पुसता काकू कडाडल्या, "एक काठी दिली असती तर काय गेलं असतं तुमचं?"

"समाधान," काका म्हणाले.

काकूंनी ताट वाढलं ते फक्त भावाला. काकांनी आपलं आपण वाढून घेतलं. पोटभर जेवले, आणि पुन्हा थोडं घेतलं.