इलॅस्टिकमावशीच्या खिळ्यावरच्या नाड्या

इलॅस्टिकमावशीने नवऱ्याचा कात्रीने खून केला, त्याबद्दल जन्मठेप भोगली आणि सुटल्यावर करमेना म्हणून तुरुंगासमोरच शिलाईचं दुकान टाकलं, हे आमच्या शाळेत पहिलीतल्या पोरांनाही पाठ होतं. पुरावेही भक्कम होते. एक, तिच्याकडे भली मोठी कात्री आहे. दोन, फाटकावरचे शिपाई तिच्या दुकानात शिरताना मान खाली घालतात. आणि तीन, तिचा नवरा कोणी म्हणता कोणी पाहिलेला नाही.

नवरा मी पाहिला. मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून तो सुयांत दोरे ओवत होता, कारण मावशीला जवळचं दिसत नाही आणि त्याला दिसतं. खून झालेल्या माणसाच्या मानाने तब्येत झकास होती. शिपाई मान खाली घालतात, कारण दुकानाचं दार बुटकं आहे. मीही शिरताना कपाळ आपटून घेतलं. कात्रीचं मात्र खरं. कात्री भली मोठीच आहे.

पण दुकानात मी पोचले कशी, ते आधी सांगायला हवं.

माझा दादा टेम्पो चालवतो, लोकांचं फर्निचर पोचवतो. गाडी लावण्यावरून एका दुकानदाराशी त्याची जुंपली. दादाने त्याला ढकललं, तो पायरीवरून पडला आणि मनगट मोडलं. मग दादानेच त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, आणि दवाखान्यातून पोलिसांनी दादाला नेलं. भांडण त्याचं, रुग्णवाहिका त्याची, अटकही त्याचीच.

चौकीवर आम्हाला एक हवालदार भेटला. तो अर्धंच वाक्य बोलतो, उरलेलं भुवईने. "मुलगा आत आहे, भेटायचं असेल तर..." आणि भुवई वर. आई म्हणाली, "तर काय?" तर भुवई खाली. मला तो तिथल्या तिथे पाठ झाला. माझं हे असंच आहे, कोणीही बोललं की माझ्या तोंडात जाऊन बसतं. घरात रडारड असतानासुद्धा. काय करू?

दुसऱ्या दिवशी कोर्टाने दादाला तुरुंगात पाठवलं आणि जामिनाची सुनावणी त्याच्या पुढच्या दिवशी ठेवली. आमच्या वकीलताई हुशार आहेत, पण त्यांच्या बोलण्यात पूर्णविराम नसतो. "काकू-घाबरू-नका-जखम-जिवावरची-नाही-मुलाची-आधीची-केस-नाही-जामीन-होईल-पाणी-प्या." आणि झालाही. न्यायाधीशबाईंनी कागद वाचला, सरकारी वकिलांचं ऐकलं, दोन ओळी सांगितल्या आणि पुढच्या केसचा पुकारा झाला.

आईने लगेच पिशवी उघडली. तिने दादाचे धुतलेले कपडे आणले होते. तिला वाटलं, जामीन झाला म्हणजे दादा मागच्या दारातून येईल, कपडे बदलेल, आणि आपण घरी जाऊन जेवू. भाजी चिरून ठेवली होती तिने!

वकीलताईंनी तिचा हात धरला आणि पहिल्यांदाच सावकाश बोलल्या. जामीन मंजूर झाला, पण त्यासाठी एक जामीनदार हवा. स्वतःचं घर असलेला, ओळखीचा माणूस. त्याने कोर्टाच्या कचेरीत येऊन सही करायची, की हा मुलगा प्रत्येक तारखेला हजर राहील, नाहीतर जबाबदारी माझी. मग सुटकेचा आदेश निघतो. तो तुरुंगाच्या पेटीत पडावा लागतो. संध्याकाळी पेटी उघडली आणि त्यात आपला कागद नसला, तर आज सुटका नाही. आणि पुढे सुट्ट्या लागून आल्या होत्या.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. स्वतःचं घर असलेला एकच माणूस आमच्या ओळखीत, आणि तो शेजारीच उभा होता. काका.

काका आमच्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांनीच आम्हाला गाडीतून आणलं होतं. ते प्रत्येक वाक्य "मी काय म्हणतो" ने सुरू करतात आणि मग काय म्हणतात ते कळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. "मी काय म्हणतो, सहीचं म्हणशील तर सही म्हणजे काही नुसती सही नसते. मी काय म्हणतो, उद्या हा आला नाही तारखेला, तर माझ्या डोक्यावरचं छप्पर... बघू या. विचार करू या."

विचार! संध्याकाळच्या आत!

वकीलताई कागद तयार करायला पळाल्या. जाता जाता म्हणाल्या, "तोवर-कपडे-आत-पाठवून-द्या-आज-नाही-सुटला-तर-लागतील-नाडी-चालत-नाही-तुरुंगासमोर-मावशी-आहेत-त्यांच्याकडून-काढून-घ्या."

असं मी त्या दारात कपाळ आपटून घेतलं.

तुरुंगात नाडी चालत नाही. पट्टा, बुटाच्या लेस, टोपीची दोरी, काहीच नाही. माणूस पहिल्या भीतीत स्वतःला काही करून घेईल म्हणून. मावशी पायजम्याची नाडी काढते आणि इलॅस्टिक घालून देते. दिवसभर तेच काम. काढलेली नाडी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगते. माणूस सुटला की त्याने स्वतः यायचं, मावशी नाडी परत घालून देते, त्याचं काही घेत नाही. मी भिंतीकडे बघितलं आणि बघतच राहिले. पांढऱ्या, निळ्या, गोंड्याच्या, एक तर चक्क पडद्याची दोरी. काही कोऱ्या करकरीत, काही उन्हाने पिवळ्या पडून ताठ झालेल्या. मला वाटलं होतं दोऱ्या आहेत. मग एकदम लक्षात आलं, ही माणसं आहेत.

आईने पिशवी मांडीवर घेतली आणि इतका वेळ गिळून ठेवलेला प्रश्न विचारला. "मारतात का हो आत?"

मावशीने दादाचा पायजमा उलटा केला. "पहिल्यांदा नाव विचारतात," ती म्हणाली. "मग बापाचं नाव. पत्ता. मग अंगावरची खूण. तुमच्या मुलाला काय आहे खूण?"

"हनुवटीवर व्रण आहे. पाळण्यातून पडला होता."

"मग ते लिहून घेतलं असेल. मग फोटो काढला असेल, एक समोरून, एक बाजूने. बोटांचे ठसे. शाई साबणाने जाते, लिंबू लागत नाही. मग खिशातलं सगळं काढून मोजून पिशवीत, त्यावर त्याची सही. ती पिशवी सुटताना परत मिळते. मग डॉक्टर. आधी कुठे लागलंय का, औषध कोणतं चालू आहे, विचारतात. मग सतरंजी, ताट, वाटी. नव्या लोकांची खोली वेगळी असते. पहिल्या दिवशी बहुतेक जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवतात."

मारतात का, याचं उत्तर तिने दिलंच नाही. पण प्रत्येक गोष्टीगणिक आईचा श्वास थोडा थोडा खाली उतरत गेला. दोन दिवस आईच्या डोळ्यांपुढे नुसता काळोख होता. आता त्यात एक टेबल आलं, साबण आला, वाटी आली. आईने विचारलं, "सतरंजी स्वच्छ असते?" म्हणजे आई परत आली होती.

मी मात्र भलत्याच पेचात. मला मावशी तोंडात घेता येईना! एवढं ऐकलं तरी एक शब्द जिभेवर बसेना. प्रत्येकाचा आवाज कुठेतरी वळतो. हवालदार साहेबाशी पूर्ण वाक्य बोलतो, काका बँकेत गेले की मऊ होतात. त्या वळणावर पकडायचं असतं. मावशीला वळणच नव्हतं. एवढ्यात एक मोठा तुरुंग अधिकारी मान खाली घालून आत आला, गणवेशाचं बटण लावून घेतलं. त्याच्याशी ती जशी बोलली, तशीच आईशी, तशीच दारातल्या मांजराशी. "बसा." "बसा." "बस."

काका बाहेर फोनवर कोणालातरी "मी काय म्हणतो" सांगत होते. मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर बोलत होते.

"काय गं, तोंडातल्या तोंडात काय चाललंय?" मावशी. "मोठ्याने कर."

आईने डोळे वटारले, पण मी केलं. काका केले, हवालदाराची भुवई केली, वकीलताई एका दमात केल्या. मावशीचे खांदे हलायला लागले. मागच्या खोलीत नवरा खोकल्यासारखं हसला.

"आता माझी कर."

"तुमची येत नाही," मी खरं सांगून टाकलं.

"बरं. मग हे सांग, हे तुझे काका सही करतील?"

"काका? ते चहा घ्यायचा की नाही याचासुद्धा विचार करतात. तुमचं इलॅस्टिक घालून होईपर्यंत ते गाडीत बसून घरी. पैज!"

"कार्टे!" आई म्हणाली.

"जिंकलीस तर काय हवं?"

"ती कात्री." शाळेत मी राणी झाले असते.

"आणि हरलीस तर माझी नक्कल. इथेच, माझ्यासमोर."

तेवढ्यात काका आत आले. कपाळ आपटलं आणि लगेच सुरू झाले. "मी काय म्हणतो, माणसाने भावनेच्या भरात..."

"भाऊ, हात रिकामे आहेत ना?" मावशी म्हणाली आणि पायजमा त्यांच्या हातात दिला. "एवढी नाडी ओढा. गाठ घट्ट आहे, मला दिसत नाही."

काका बोलता बोलता गाठ सोडायला लागले. "तर भावनेच्या भरात माणूस... ही कसली गाठ मारलीय कार्ट्याने... भावनेच्या भरात..."

आणि थांबले.

पायजमा त्यांनी उजेडात धरला. नाडी आत सरकू नये म्हणून दादा तिची दोन टोकं एकत्र बांधतो. घरात कोणालाच ती गाठ सुटत नाही. आई दर धुण्याला वैतागते.

"ही ताडपत्रीची गाठ आहे," काका म्हणाले. मधे "मी काय म्हणतो" नाही, काही नाही. "मालावर ताडपत्री बांधायची. वाऱ्याने कितीही ओढली तरी सुटत नाही. मी शिकवली होती त्याला. हा एवढासा होता, माझा भाऊ नुकताच वारलेला. टेम्पोत माझ्या शेजारी बसायचा, आणि दिवसभर खिडकीच्या दांडीला हीच गाठ मारत राहायचा."

त्यांनी एक टोक मागे ढकललं, दुसरं चिमटीत धरलं, आणि गाठ सुटली. अशी सुटली, जणू नव्हतीच. नाडी सरसर बाहेर आली. काकांनी ती बोटांना गुंडाळली.

मावशी कोर्टाबद्दल अक्षर बोलली नाही. म्हणाली, "तो मोकळा खिळा आहे, तिथे टांगा."

काका भिंतीपाशी गेले. हात वर केला, आणि बाकीच्या नाड्या बघत तसेच उभे राहिले. त्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या नाडीला बोट लावलं. "ही?"

"तो आहे अजून आत," मावशी म्हणाली. "यायचंय त्याला."

काकांनी हात खाली घेतला. नाडी खिशात घातली. "कचेरी कधी बंद होते?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच निघाले. दारात परत कपाळ आपटलं. आम्ही मागे धावलो.

कचेरीतल्या कारकुनाने कागदांवरून मान वर न करता विचारलं, "नातं?"

"काका."

"पळून गेला तर जबाबदारी तुमची. कळलं?"

"मी काय म्हणतो," काका म्हणाले, आणि मी घड्याळाकडे बघितलं. "त्याला गाडी मी शिकवलीय. त्याला अजून रिव्हर्स नीट घेता येत नाही. पळणार कुठे?" आणि सही केली. इतकी दाबून, की खालच्या कागदावरही उमटली.

आदेश घेऊन कोर्टाचा माणूस सायकलवरून गेला. आम्ही गाडीतून त्याच्या मागे मागे, सायकलच्या वेगाने, काका हॉर्नही वाजवेनात, बिचारा दचकून पडेल म्हणून. कागद पेटीत पडताना आम्ही डोळ्यांनी पाहिला. मग मावशीच्या दुकानात बसलो. ऊन भिंतीवरून फाटकावर आलं, तरी काही होईना. आईने सगळ्या सुया ओवून टाकल्या, मावशीच्या नवऱ्याला कामच उरलं नाही.

मग मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडलं. दादा आला. हातात पिशवी, पिशवीत पट्टा आणि लेस. लेस नसल्याने बूट फटक फटक वाजत होते. आईने आधी त्याच्या बोटांवरची शाई बघितली, मग हनुवटी बघितली, मग त्याला धरलं. काका म्हणाले, "मी काय म्हणतो, दर रविवारी चौकीवर हजेरी आहे, त्या दुकानदाराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आणि तारीख चुकवलीस तर तंगडं तोडीन." दादाने त्यांच्या पायाला हात लावला तर म्हणाले, "लेस बांध आधी, पडशील."

खिशातून नाडी काढून त्यांनीच मावशीसमोर ठेवली. ती एकही रात्र खिळ्यावर राहिली नाही.

मावशी नाडी घालत असताना मी हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? गाठीचं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "जो सगळ्यात जास्त बोलतो, त्याच्या हातात मी नाडी देते. काही जण टांगून निघून जातात. काही जात नाहीत." मग दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "चल. पैज फेड."

सगळे बघायला लागले. दादासुद्धा. मी मशीनमागच्या स्टुलावर बसले, पायजमा मांडीवर घेतला, अंगातला सगळा नाचरेपणा खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हात रिकामे आहेत ना?"

मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं.

मागच्या खोलीतून तिचा नवरा ओरडला, "अगं, कुठे आहेस? दुकानात कोणीतरी गिऱ्हाईक आलंय बघ!"