आरोग्य विभागातला दाखला

नगरपालिकेच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाई मोबाइलवर बोट फिरवत होत्या. पाणीपुरवठा, मालमत्ता कर, आरोग्य, उद्यान. खालपर्यंत जायच्या आणि पुन्हा वर यायच्या. नगरपालिकेची ती वेबसाइट मीच बनवलेली, म्हणून मी डोकावले.

"काय शोधताय, काकू?"

"आमच्या ह्यांच्या मृत्यूचा दाखला. खिडकीवर म्हणाले, ऑनलाइन काढा."

दाखला आरोग्य विभागात होता. इथल्या साहेबांनी खात्यांची यादी दिली आणि मी ती तशीच मांडली. रंगांवर, अक्षरांवर महिनाभर जीव ओतला. पण येणारा माणूस मनात काय घेऊन येतो आणि ते कुठे शोधतो, हे आधी शिकावं लागतं, याचा मला पत्ताच नव्हता. मिठाचा डबा कुठे हवा, हे कपाट करणाऱ्या सुताराला कुणी विचारत नाही. रोज फोडणी घालणारीला विचारतात. मी फक्त सुताराला, म्हणजे साहेबांना, विचारलं. माझ्यामुळे असे किती जण दारातच घुटमळले असतील, कोण जाणे.

"आरोग्य उघडा," मी हळूच म्हणाले.

काकूंचं बोट त्या शब्दाजवळ जाऊन थांबलं.

"अगं, आरोग्यात कशाला? हे तर गेले ना."