मागचे खिसे नसलेली पॅन्ट

गेवराईत आमच्या गल्लीत अजमतबी शिवणकाम करतात. त्यांचे पती कय्युमभाई हातगाड्यावर फळं विकतात. चार वर्षांपूर्वी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना अजमतबी मागं मागं सरकत गेल्या. कठडा नव्हता. पडल्या त्या थेट पाठीवर.

"माझे पाय सरळ करा कुनीतरी," त्या म्हणत होत्या. पाय सरळच होते. कमरेखाली दुखतसुद्धा नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोघांनाही समजावलं, "मणक्यांच्या आत करंगळीएवढा जाड मज्जारज्जू असतो. मेंदूचा हुकूम त्यातूनच खाली जातो, स्पर्श आणि वेदना त्यातूनच वर येतात. तुमचा शेवटच्या बरगडीजवळचा मणका फुटून त्यावर दाबला गेला. त्याच्या वरचं सगळं शाबूत आहे. खाली पाय, लघवी, संडास यांचा ताबा गेला."

"पुन्हा चालंल का ही?" कय्युमभाईंनी विचारलं.

"मणका जुळेल. मज्जारज्जू तसा जुळत नाही. थोडंफार परत येतं कधी कधी, पण मी खोटी आशा लावणार नाही."

अजमतबी भिंतीकडं तोंड करून पडल्या. जेवण नको म्हणाल्या. तिथं प्रियदर्शनी नावाची फिजिओथेरपिस्ट होती. तिनं त्यांना कूस बदलायला, हातांवर जोर देऊन खुर्चीत सरकायला, नळी घालून लघवी काढायला शिकवलं. न कळता कुठं जखम झाली का हे पाहायला आरशात रोज पाठ, मांड्या बघायला सांगितलं. ते अजमतबींना फालतू वाटलं. घरी आल्यावर एकदा इस्त्री मांडीला टेकून राहिली. वास आला तेव्हा कय्युमभाई धावले. मांडी भाजली होती आणि अजमतबींना पत्ताच नव्हता. मग मात्र आरसा उशाशी आला.

त्यांचा दीर जाकीर गॅरेजात काम करतो. त्यानं शिलाई मशीनला मोटर लावली आणि तिचं पायडल वर, फळीवर ठोकलं. कोपरानं दाबायचं. पहिली शिवण साफ वाकडी आली. अजमतबींनी ती उसवली नाही, खाली दुसरी मारली.

पुढच्या वर्षी चकलांब्याहून छबुबाई आली. तिचा नवरा शिवशंकर चिंचेवरून पडला होता, त्याचेही पाय गेले होते. "कुनाशी बोलत न्हाई, भाभी. तुमी एकदा येता का?"

रिक्षात बसून अजमतबी गेल्या. शिवशंकर पालथा पडला होता. माकडहाडावर मोठी जखम होती.

"तुमी चालता का आता?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग कावून आलात?"

"जखम बघायला. एका जागी पडून, बसून दाब येतो, भाऊ. आपल्याला कळत न्हाई, म्हनून आपन हलत न्हाई. मग कातडं सडतं." त्यांनी आपल्या मांडीवरचा डाग छबुबाईला दाखवला आणि तिला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते शिकवलं. शिवशंकर बघत राहिला.

बीडच्या दवाखान्यात उपचार झाले. जखम भरायला पाऊसकाळ गेला. शिवशंकर चाकाच्या खुर्चीत बसू लागला, पण कातडी पुन्हा लाल झाली. अजमतबींनी त्याची पॅन्ट मागवून घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. मागच्या खिशांच्या जाड शिवणी नेमक्या जखमेच्या जागी रुतत होत्या.

त्यांनी नवी पॅन्ट बेतली. मागं खिसे नाहीत, शिवणी बाजूला घेतलेल्या. बसल्यावर कंबर उघडी पडू नये म्हणून मागून उंच, पोटाशी सुरकुत्या पडू नयेत म्हणून पुढून उतरती. नळीसाठी लांब चेन. तपासणीला जाताना त्यांनी ती सोबत नेली. प्रियदर्शनीनं ती पाहिली आणि तिच्या पेशंटसाठी आणखी शिवायला सांगितल्या. आता तलवाड्यापासून परभणीपर्यंतची मापं येतात.

मागच्या आठवड्यात शिवशंकर स्वतः आला. छबुबाईनं रिक्षातून खुर्ची उतरवली, पुढं चाकं त्यानंच ढकलली.

"पॅन्ट लई बेस हाय, ताई," तो म्हणाला. "फक्त मोबाईल ठेवायला जागा न्हाई."

"मांडीवर बाजूला खिसा देते. पन रोज आरशात बघायचं. बघता का?"

"बघतो."

अजमतबींनी टेप उचलला.