जित्या बापाची घागर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि बायको रक्तदाबाची गोळी आणून पुढ्यात ठेवते. निवृत्त ठाणेदाराचा घरातला दरारा एवढाच. तरी सांगतो. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही, कारण त्यातली एक व्यक्ती अजून शाळेत जाते.

तेव्हा मी शेगावला ठाणेदार होतो. उन्हाळ्याचे दिवस, त्यात गुरुवार. गुरुवारी दर्शनाची गर्दी आणि आमची कामं दोन्ही ठरलेली: चुकलेल्या म्हाताऱ्या, मारलेली पाकिटं, चपलांवरून जुंपलेली भांडणं. दुपारी बसस्टँडकडून एक घोळका आरडाओरडा करत ठाण्यात शिरला. मधोमध एक माणूस, शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला.

"पोरं पकडणारा हाय साह्यब! पोरीचा हात धरून ओढू राह्यला होता."

"पोरगी कुठं आहे?"

पोरगी तिच्या आजीबरोबर ऑटोत बसून केव्हाच निघून गेली होती. फिर्यादी नाही, मुलगी नाही, होते ते मारणारेच. मी हवालदाराला म्हटलं, "प्रत्येकाचं नाव-गाव लिहून घ्या." लाठीमारानं पांगत नाही ती गर्दी नाव लिहायच्या नुसत्या बोलण्यानं पांगते. दोन मिनिटांत ठाणं रिकामं.

त्या माणसाला पाणी दिलं. तो धाड गावचा. धाड ते बुलढाणा काळी-पिवळी जीप चालवायचा. त्या दिवशी गावातल्या लोकांना दर्शनाला घेऊन आला होता.

"पोरगी कोणाची?"

"माही हाय साह्यब."

"मग ओरडली काऊन?"

त्यानं बाहीनं ओठ पुसला. "मी तिले हाक मारली. तिनं मांगं वळून पाह्यलं अन् किंचाळली. म्हणे, आजी, पप्पाचं भूत!"

हवालदाराला हसू फुटलं. मलाही आलं होतं, पण त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी मेलं.

त्यानं मोबाइलवर कोर्टाचा हुकूम दाखवला. नवरा-बायकोनं संमतीनं घटस्फोट घेतला होता. मुलीचा ताबा दोघांचा. राहायची आईकडे, पण महिन्यातले दोन रविवार आणि सुट्यांतला अर्धा वेळ बापाचा. कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला देशाबाहेर न्यायचं नाही, असंही स्पष्ट लिहिलेलं. पुढं आईनं दुसरं लग्न केलं. नवरा पुण्याचा, नोकरी कॅनडात. लग्न झालं आणि रविवार आटत गेले. कधी पोरगी आजारी, कधी परीक्षा, कधी मामाच्या गावाला.

"आजीनं तुला ओळखलं नाही का?"

"ओळखलं ना. तिचा जवाई होतो मी. लोक मले मारून राह्यले, अन् ती ऑटोवाल्याले म्हणे, चाल बाप्पा लवकर."

माझं डोकं तापायला सुरुवात झाली ती इथून.

आठ वर्षांच्या मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं. वर्दी घालून तिच्यापुढं जायचंही नसतं. म्हणून आमच्या महिला जमादार आणि मी साध्या कपड्यांत आजीच्या शेगावातल्या घरी गेलो. माझी वर्दी बरंच काही झाकत असे, हे त्या दिवशी कळलं. मुलीनं माझ्या पोटाकडं नीट पाहून विचारलं, "तुम्ही खरंच पोलीस आहात?" मी म्हटलं, "अर्धा." ती हसली आणि जमादारबाईंच्या शेजारी बसून बोलू लागली.

"पप्पाची जीप पलटली. पप्पा देवाघरी गेले. आखजीला आजीनं त्यांची घागर मांडली होती. मी घास ठेवला."

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणपोळीचा घास देतात. आखजी होऊन तेव्हा पंधरवडासुद्धा झाला नव्हता.

मग मुलीनं जमादारबाईंना हळूच विचारलं, "भुताला लागतं का हो? सगळे त्याला मारत होते."

जमादारबाई उठून पाणी प्यायला गेल्या. मी भिंतीकडं पाहत बसलो. भिंतीला टेकून नव्या कोऱ्या बॅगा उभ्या होत्या. पुढच्या आठवड्याचं विमान होतं.

मुलीची आई, तिचा नवा नवरा आणि आजी, तिघांना ठाण्यात बोलावलं. कोर्टाची परवानगी कुठं आहे, विचारलं. आई म्हणाली, "वकील पाहतात ते सगळं." मुलीला बाप मेल्याचं कोणी सांगितलं, विचारलं. "कोणीच नाही. तिला स्वप्न पडलं असेल." नवरा शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाला, "साहेब, लहान मुलांची कल्पनाशक्ती फार तीव्र असते." घागर? "माझ्या वडिलांच्या नावाची होती," आईनं सांगितलं. तिचे वडील खरंच वारलेले होते, त्यामुळं उत्तर बिनचूक.

चौकशीसाठी माझ्याकडं तीन आवाज होते. पहिला मायेचा, दुसरा कायद्याचा, तिसरा गर्जनेचा. तिन्ही लावून झाले. तिसऱ्या आवाजाला आमच्या घरचं मांजरही उठत नसे, तर कॅनडाची तिकिटं हातात असलेली माणसं काय भिणार? तासभर दोघं एकच पाठ म्हणत राहिले. आजी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसलेली.

पुढं लोकांनी माझ्या युक्तीचं कौतुक केलं. युक्ती कसली? मी चिडलो होतो, आणि ज्या माणसावर चिडणं सोपं, त्याच्यावर घसरलो. आजीला म्हटलं, "आजी, या दोघांचं सोडा, ही नव्या जमान्याची माणसं. पण तुम्ही? आयुष्यभर सणवार केले, अन् जित्या माणसाच्या नावानं घागर भरली तुम्ही? कोणत्या धर्मात बसते हे?"

म्हातारी ताडकन उठली.

"भरली नाही मी!"

"पोरगी सांगते ना, मांडली म्हणून."

"मांडली! भरली नाही! कोरी ठेवली होती म्या. थेंब नाही घातला पान्याचा. वरतून डांगर ठेवून देलं, कोणाले काय दिसते? जित्या माणसाच्या नावानं पानी भराले मी का येडी हावो?"

"आई, गप बस!" तिची लेक ओरडली. पण आता म्हातारीला गप्प करणं कोणाच्या बापाच्या हातात नव्हतं. खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. रीत चुकल्याचा आळ मात्र तिला सोसवला नाही. जावई जिवंत आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, हे तिनं आपल्याच तोंडानं लिहवून दिलं.

मग सगळं बाहेर आलं. परदेशी पाठवणाऱ्या एका दलालानं सांगितलं होतं, की सावत्र बापाबरोबर मूल न्यायचं तर सख्ख्या बापाची संमती लागते, नाहीतर कोर्टाची परवानगी. दोन्हीला वेळ लागतो. बाप वारलेला असला तर काहीच लागत नाही. मृत्यूचा खोटा दाखला त्यानंच आणून दिला. वर एक सल्ला फुकट दिला: पोरीलाही तेच सांगा, म्हणजे कुठं कोणी विचारलं तर ती अडखळणार नाही. पोरगी सारखी विचारायची, पप्पा गेले तर त्यांची घागर का नाही? म्हणून आखजीला तो देखावा.

नवरा अजूनही समजावत होता. "साहेब, गैरसमज नको. हे फक्त फाइलसाठी होतं. तिकडं स्थिरावलो की तिला सांगणारच होतो."

"काय सांगणार होता? बाप परत जिवंत झाला म्हणून?"

"योग्य वेळी, योग्य शब्दांत."

एवढ्या वर्षांच्या सेवेत हात आवरणं मला क्वचितच इतकं जड गेलं असेल. मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेर जाऊन विनाकारण एका शिपायावर त्याच्या टोपीवरून ओरडलो. त्याची माफी नंतर मागितली. गुन्हा नोंदवला, पासपोर्ट जप्त केले, एसपी ऑफिसमार्फत विमानतळांना कळवलं. खोटा दाखला, खोटं शपथपत्र, सगळ्याला कलमं होती. लेकराच्या मनात त्याचा बाप मारून टाकला, त्याला नेमकं कलम कोणतं, ते मला पुस्तकात सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जमादारबाईंच्या घरी बापलेकीची भेट ठरवली. मुलीला आदल्या संध्याकाळी सगळं सांगून झालं होतं, पण सांगितलेल्यावर विश्वास कसा ठेवावा तिनं? ती दारात बाईंच्या मागं लपली. बाप अंगणात उभा.

"त्यांना चपला काढायला सांगा," ती म्हणाली.

भुताचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडं लहान मुलांनाही ठाऊक असतं. बापानं चपला काढल्या. मे महिन्यातल्या दुपारची फरशी. ती कितीतरी वेळ त्याच्या पायांकडं पाहत राहिली, आणि तो हलला नाही.

"पाय भाजून राह्यले का?" तिनं विचारलं.

"हाव."

"मग सावलीत ये ना."

तो आला. पुढचं मी पाहिलं नाही, कारण जमादारबाईंनी मला चहाच्या निमित्तानं आत ढकललं. स्वयंपाकघरात उभा राहून मी कपाळावरचा घाम पुसत होतो. डोळ्यांतही घामच होता, असं बाईंना सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

नंतर जबाब पुरा करताना मी त्या माणसाला विचारलं, "त्यांनी रीतसर सही मागितली असती, तर दिली असतीस?"

"नसती देली."

"मग?"

"मंग काय, भांडलो असतो. कोर्टात गेलो असतो. जिता बाप भांडतेच ना साह्यब."

या उत्तरात सगळा कायदा आला. भांडणाचा रस्ता लांब असतो, पण असतो. कोर्ट दोघांचं ऐकतं, मुलाला विचारतं, कधी परवानगी देतंही. या लोकांना तो रस्ता नको होता, कारण त्यात समोरचा माणूस जिवंत असावा लागतो.

नवरा पुढं जामिनावर सुटला. त्याची नोकरी आणि कॅनडा राहिलं की गेलं, मी चौकशी केली नाही. दलालावर दोषारोपपत्र गेलं. ताब्याचा प्रश्न पुन्हा कोर्टासमोर आला, तेव्हा बापाच्या वकिलानं कोर्टाच्या आवारात माझ्यासमोर त्याला सांगितलं, "आता आईचा हक्कच काढून घेऊ. तिला भेटूसुद्धा द्यायचं नाही."

तो म्हणाला, "वकीलसाहेब, एक डाव तिचा बाप मेला. आता माय कायले मारता?"

मुलगी आईकडेच राहिली. रविवार मात्र एकही चुकला नाही.

निवृत्तीनंतर नात्यातली, ओळखीतली पोरं सल्ल्याला येतात. दुसरं लग्न झालंय, लेकरू पहिल्या घरचं आहे, बाहेर जायचंय, काय काय लागेल? मी यादी सांगत नाही. आधी एवढंच विचारतो, "लेकराच्या बापाला विचारलं का? तूच बाप असशील तर त्याच्या आईला?" मग उत्तर येतं, "काका, ते सोडा, दुसरा काही मार्ग सांगा." मी सांगत नाही. काही जण चिडून चहा अर्धा टाकून जातात. जाऊ द्या. त्यांचा राग दोन दिवसांत उतरतो. माझा अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.