खंडेनवमीला चाललेली गाडी

“आज हिचाही खाडा, आत्याबाई! आज मी हात लावणार नाय, तुम्ही पण कोणाला लावू देऊ नका…”

अंगणातून शिवा मिस्त्रीचा आवाज आला तेव्हा मी आत झेंडूच्या माळा ओवत होते. “मेल्या, ती काय गिरणीत जाते खाडा करायला?” आत्या म्हणाली, आणि दोघंही हसली. खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा करायची, पण ती चालवायची नाहीत. त्यात दादाची मोटार-सायकलही आली.

मी गिरगावातल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकते. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आताही आहे असं म्हणवत नाही. जे दिसलं तेवढंच लिहिते.

दादा, माझा थोरला भाऊ, सॉलिसिटर आहे. ही तीन चाकांची गाडी त्यानं विलायतेहून मागवली. प्लेगाचं तिसरं वर्ष… निम्मी वाडी गावी निघून गेलेली, उरलेली निम्मी गाडी बघायला रोज आमच्या फाटकाशी. मूळ गाडीला क्लच नव्हताच. इंजिन चालू म्हणजे चाकं चालू. वाटेत बैल आडवा आला की इंजिन बंद करायचं आणि पुन्हा पायडल मारत मारत सुरू करायचं. मागून ट्रामवाल्याच्या शिव्या. शेवटी कंटाळून दादानं परळच्या एका गिरणीतला शिवा मिस्त्री शोधून आणला.

गिरणीत एकच इंजिन सगळी यंत्रं फिरवतं, म्हणून एखादंच यंत्र थांबवायची युक्ती तिथल्या लोकांना ठाऊक असते. मिस्त्रीनं तीच इथे आणली. एकीत एक बसणाऱ्या दोन लोखंडी वाट्या, आतलीवर चामडं. दांडा पुढे केला की वाट्या घट्ट बसत आणि चाक फिरे, मागे ओढला की सुटत. दादा त्याला क्लच म्हणे, मिस्त्री ‘पकड’. खोड एकच होती. दमट हवेत चामडं फुगे, वाट्या चिकटत, आणि इंजिन चालू असलं तर दांडा मागे असूनही गाडी चोरपावलांनी पुढे सरके. म्हणून गाडी उभी केली की मिस्त्री दांडा मागे ओढून त्याच्यापुढे लाकडी पाचर ठोकी. त्या सकाळी पूजेआधी त्यानं तसंच केलं. उदबत्तीची ठिणगी नको म्हणून टाकीही रिकामी केली.

दुपारी जेवणं झाली. दादा आणि आत्या झोपली होती. मी माडीवरच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसले होते. तिथून सगळं अंगण दिसतं आणि फाटकाबाहेरचा रस्ताही. मिस्त्री फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर, माझ्याकडे पाठ करून, फुलवालीशी बोलत पान जुळवत होता.

टक् असा आवाज झाला.

पाचर फरशीवर पडली होती. मग दांडा पुढे गेला… झटक्यानं नाही, अगदी सावकाश, सवयीच्या हातानं न्यावा तसा. गाडी हलली. इंजिनाची फटफट नाही, धूर नाही. नुसतं फस्… फस्… कोणी दमून श्वास घ्यावा तसं. हार घातलेली ती गाडी घराच्या दिशेनं आली आणि तुळशीवृंदावनावर आदळली.

पहिला धावत आला तो मिस्त्री. दादा बाहेर आला तेव्हा मिस्त्रीचे दोन्ही हात गाडीवर होते, ती मागे ओढण्यासाठी.

“पाचर कोणी काढली?” दादा ओरडला. “तुझ्यामाझ्याशिवाय हा दांडा कोणाला कळतो? ढकलून बघत होतास ना?”

“नाय वो भाऊसाहेब! खंडेनवमीला मी हत्याराला हात लावीन? माझ्या बापानं कधी लावला नाय.”

“मग हे हात कुठे आहेत तुझे? परवा तुझ्या साहेबाला चिठ्ठी जाईल.”

चिठ्ठी म्हणजे गिरणीतून नाव कटलं. मिस्त्रीनं गाडीवरचे हात काढले. तडा गेलेल्या वृंदावनापाशी आत्या रडत होती. मी खाली येऊन सगळ्यांच्या मागे उभी होते. सहज त्या वाट्यांना बोट लावलं आणि चटका बसला! बंद इंजिन, रिकामी टाकी, आणि चामडं जळल्याचा वास. मी बोट पदरात लपवलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. मला मॅट्रिकला बसवायचं म्हणून दादा वर्षभर सगळ्या नातलगांशी भांडतो आहे. मुलीला भलतंसलतं दिसतं असं एकदा वाडीत झालं, की शाळा बंद, आणि मग लग्नाच्या गोष्टीही दबक्या आवाजात. हे सगळं मला त्या एका क्षणात सुचलं. फुलवालीला विचारा, एवढंही तोंडातून निघालं नाही.

रात्रभर कारणं शोधली. चामडं फुगून दांडा रेटला गेला असेल… पण मग गाडीला बळ कुठून? उतार म्हणावा तर आमच्या अंगणाचा उतार फाटकाकडे आहे. पहाटे मी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, ते फाटकाकडेच गेलं. गाडी चढावर चालली होती. त्या श्वासाचं, त्या चटक्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणा वाचकाकडे असेल तर जरूर कळवावं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मिस्त्री आला. धुतलेला सदरा, हातात आपट्याची पानं. दादा टेबलाशी बसून चिठ्ठी लिहीत होता.

“सोनं घ्या, भाऊसाहेब.”

दादानं मान वर केली नाही. मिस्त्रीचा हात तसाच पुढे राहिला. आत्या दाराआडून म्हणाली, “जा रे बाबा आता, सणाच्या दिवशी तमाशा नको.”

तो वळला. दादानं चिठ्ठीवर टीपकागद दाबला. मी दाराच्या चौकटीतून पुढे आले.

“दादा, मिस्त्री फाटकाबाहेर होता. गाडीजवळ कोणी नव्हतं… ती आपली आपण चालली. मी पाहिलं.”