लाईनमामांचं जवस

आमच्या लाईनमामांनी दुसऱ्याच्या हाती आलेल्या निरोपावर कधी विश्वास ठेवला नाही. मामींनी शेजारणीबरोबर जेवणाचा सांगावा धाडला, तरी ते चहाच्या टपरीवरूनच घरी फोन लावत. "थे म्हनते सैपाक झाला. तू सोता सांग." मामी पलीकडून काय बोलत ते आम्हाला ऐकू येत नसे, पण मामांचा चेहरा पाहून अंदाज येई.

ते उंद्रीत विजेचे लाईनमन होते. नात्याने आमचे कुणी नव्हते. आईला ताई म्हणत, म्हणून ते मामा. निरोप न मानण्याची सवय त्यांना खांबाने लावली होती. चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून वीज बंद करून घ्यायची. तिकडच्या ऑपरेटरने स्वतःच्या तोंडाने 'लाईन क्लिअर' म्हटलं, की मगच वर जायचं. उतरल्यावर ज्याने क्लिअर घेतलं, त्यानेच फोन करून 'लाईन क्लिअर' म्हणत ते परत करायचं, मगच ऑपरेटरने 'सोडतो' म्हणून वीज सोडायची. "दुसऱ्याच्या तोंडचं क्लिअर घेऊन चढलेला मानूस खाली येत नाई, खाली पडते," असं ते नव्या माणसांना सांगत.

गावात वीज गेली की 'लाईन गेली' म्हणतात. त्यामुळे मामा दिसले की प्रत्येकाचा एकच प्रश्न: "मामा, लाईन कवा येईन?" मामाही सरळ उत्तर देत नसत. "कोनती? रेल्वेची आपल्या गावातून जात नाई. पोलीस लाईन बुलढान्याले हाय. रेशनची सकाळीच संपली. आन तू त्या पिपळाखाली मारत होता थे इचारत असशीन, तं थे तुह्या बापाले इचारतो." विचारणारा हसत पळ काढी. या एका शब्दाची इतकी रूपं मामांनी गोळा केली होती, पण ती कुठून आली याचा विचार त्यांनी केला नव्हता. मीही केला नव्हता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चिखलीला बी.ए.ला इंग्रजी घेतलं, ते का, हे मला नीट सांगता आलं नसतं. त्या भाषेचं भय वाटायचं आणि ओढही वाटायची. पहिल्याच महिन्यात सरांनी एकेकाला उठवून 'लाईन' शब्दाचं वाक्य करायला सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी जे रोज ऐकत होते तेच इंग्रजीत म्हटलं, "द लाईन इज गॉन." सर म्हणाले, "गॉन व्हेअर?" वर्ग हसला. सरही हसले, वाईट मनाने नाही. पण त्यानंतर तीन आठवडे त्या तासाला माझं तोंड उघडलं नाही. विषय बदलण्याचा फॉर्म आणला. शनिवार शेवटचा दिवस होता, फक्त बाबांची सही राहिली होती.

त्या आठवड्यात मामा आमच्या घराजवळच्या विजेच्या डीपीवर काम करायला आले. मी फॉर्म घेऊन ओट्यावर बसले होते.

"काऊन वं माय, तोंड काऊन उतरलं?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "लाईन गेली, असंच म्हनली ना? मंग चुकलं काय त्याच्यात? तीस वर्सं झाले, लोकं मले हेच सांगून राह्यले."

"पन मामा, इंग्रजीत तसं नाई म्हनत."

"कोन म्हनलं?"

"सर. पोरं बी हासले."

"म्हंजे सरानं सांगितलं, पोरायनं सांगितलं. त्या शब्दाले तू सोता इचारलं काय?"

"शब्दाले कसं इचारू?"

"थे मले काय माईत? मी आठवी शिकेल मानूस. तुमच्या कालेजात मोठालं पुस्तक असन ना?"

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात तो जाड शब्दकोश मागितला. तो घरी नेता येत नव्हता, तिथेच उभ्याने वाचला. एवढ्याशा शब्दाला दीडेक पान दिलेलं होतं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, की हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ फ्लॅक्स नावाच्या झाडाच्या काडीपासून काढलेला धागा. तो ताणून सरळ रेष पाहायची, म्हणून रेषेलाही तेच नाव पडलं. ब्लाऊजच्या आतलं लायनिंग त्याच कुळातलं, कारण अस्तर आधी त्याच कापडाचं लावत. फ्लॅक्स काय ते मात्र मला कळेना. मोबाईलवर चित्र शोधलं. बारीक काडी, निळं नाजूक फूल.

मामा टपरीवर होते. त्यांना वाचलेलं सगळं सांगितलं आणि चित्र दाखवलं. त्यांनी मोबाईल लांब धरला, मग जवळ धरला.

"अवं, हे तं जवस!"

मला आधी पटलंच नाही. पण लोणारकडच्या त्यांच्या वडिलांच्या वावरात हरभऱ्याच्या कडेने थंडीत असंच निळं दिसायचं, हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं, की मी पुन्हा शोधून पाहिलं. जवसच होतं. "येच्या चटनीवर मी लाहानाचा मोठा झालो," मामा म्हणाले, "आन मले माईत नाई का लाईनमन म्हंजे जवसाचा मानूस! आपन दाने खाल्ले, त्या इंग्रजायनं काडी कातली." मग शेजारी बसलेल्या गवंड्याच्या पिशवीतली, भिंत सरळ धरायची लाईनदोरी त्यांनी बाहेर ओढली. "लाईन म्हंजेच दोरी. आन तू काय बे, दोरीले दोरीदोरी म्हनून राह्यला!"

शुक्रवारी मी जवसाची पुडी घेऊन वर्गात गेले. तास सुरू होताच उभी राहिले. इंग्रजी तुटक होतं. पुडी सरांच्या टेबलावर उघडली आणि सांगितलं, की लाईन आधी धागा होती, मग रेष झाली, मग तार झाली. आणि आमच्याकडे त्या तारेतून येणाऱ्या विजेलाही लाईन म्हणतात, म्हणून ती जाते. एवढं बोलून मी खाली बसू लागले. सर म्हणाले, "बसू नको. पुढं सांग." तो सही न झालेला फॉर्म अजून माझ्या वहीत आहे.

एम.ए.साठी अमरावतीला निघाले तेव्हा मामा निवृत्त झाले होते. चिखलीच्या स्टँडवर बाबांबरोबर आले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचली का सोता फोन करजो. तुह्या बापानं सांगितलेलं मी धरत नाई." तेव्हापासून रिवाज पडला. खोलीवर पोचलं, की फोन लावायचा. "पोचली मामा. लाईन क्लिअर." तिकडून "हाव, मंग सोडतो," आणि फोन बंद. त्यापुढे एक शब्द नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मामा घरीच, झोपेत गेले. मला बाबांकडून कळलं. बाबांच्या तोंडून आलेला हा निरोप मला कितीतरी वेळ धरता आला नाही. उंद्रीला जाऊन आले, सगळं पाहिलं. परत अमरावतीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि सवयीने त्यांचाच नंबर लावला. वाजायला लागल्यावर मी काय केलं ते लक्षात आलं. तेवढ्यात मामींनी उचलला.

"पोचली काय माय?"

"हो मामी, पोचली."

मामी म्हणाल्या, "तसं नाई वं. त्याहीले सांगत होती तसं सांग."

"लाईन क्लिअर, मामी."

"हाव," त्या म्हणाल्या, "मंग सोडते."