कळवायच्या माणसांची यादी

माझी फजिती आता मीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या लीड्सच्या मंडळींकडून तिखटमीठ लावून ऐकाल.

गोष्ट २००९ची. माझी बायपास ठरली होती. वकीलबाई म्हणाल्या, पुढेमागे तुमचं डोकं चालेनासं झालं तर तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे, ते आत्ताच लिहून ठेवा. मी केंब्रिजला असणाऱ्या आमच्या लेकीचं, मेघनाचं नाव दिलं. बायकोला मात्र पत्ता लागू दिला नाही. सुनंदासमोर असलं अभद्र काढायचं कसं? माझ्या साध्या ब्लड टेस्टला ती रडते. आणि ‘मला का नाही निवडलंत?’ म्हणाली तर काय तोंड दाखवू?

फॉर्ममध्ये पुढे रकाना होता: हे आणखी कोणाला कळवायचं? जास्तीत जास्त पाच नावं. आता मला सांगा, मराठी माणूस अशी यादी कशी करणार? लग्नाच्या आमंत्रणासारखीच! एकाला वगळलं की जन्माचा रुसवा. मी सुनंदाचा भाऊ विलास, माझे दोन चुलतभाऊ, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि कुलकर्णी वहिनी अशी पाच नावं ठोकली आणि मानपान सांभाळल्याच्या आनंदात झोपलो.

नोटिसा गेल्या. कोणी नीट वाचल्या असतील तर शपथ. माझं डोकं गेलं, एवढंच सगळ्यांना कळलं.

शनिवारी मँचेस्टरहून विलास आला. माझा हात धरून, एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं, “दाजी, मी कोण?”

मला वाटलं, मस्करी करतोय. म्हटलं, “नाही बुवा ओळखलं. आपण कोण?”

तो पांढराफटक पडला. त्याने फोन फिरवले, आणि तासाभरात बाकीचे चौघे फळं घेऊन हजर. वहिनींनी आज वार कोणता ते विचारलं. रिटायर झाल्यापासून मला वार कळत नाही, हे मी नेमकं तेव्हाच खरं सांगून बसलो.

सुनंदाने भावाच्या हातातली नोटीस घेऊन शांतपणे वाचली.

“मेघनाला निवडलंत? सुटले बाई,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझ्याच गळ्यात टाकाल. मी माझा फॉर्म मागच्या वर्षीच साइन केला. मीपण तिचंच नाव दिलंय.”

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! बायपासची निम्मी भीती तिथेच पळाली. मग हळूच विचारलं, “आणि कळवायच्या यादीत?”

“एकच नाव. शेजारची मार्गारेट.”

“अगं, मी नवरा आहे तुझा. मला नाही कळवलंस?”

सुनंदाने सोफ्यावर दाटीवाटीने बसलेल्या पाच पाहुण्यांकडे बघितलं.

“म्हणूनच,” ती म्हणाली.

मी निमूटपणे उठलो आणि सात कप चहाचं आधण ठेवलं.